विश्लेषण : एका लांडग्याने मुलांना ऑर्केस्ट्रा कसा शिकवला? संगीतकार प्रोकोफिएव्ह यांची गोष्ट ९० वर्षे का टिकली?

अकोले तालुक्यातील राजूरच्या मुलाला सनई, संबळ किंवा ढोलकी म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. लग्नात, जत्रेत, देवाच्या पालखीपुढे ती वाद्ये कानावर पडतच असतात. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचे मात्र तसे नाही. साठ-सत्तर वादक एकाच वेळी वाजवत असताना त्यातला ओबो कोणता आणि बसून कोणता, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. मग मुलांचे काय? या प्रश्नाला १९३६ मध्ये मॉस्कोत एका संगीतकाराने सोपे उत्तर शोधले. वाद्यांची माहिती देत बसायचे नाही, गोष्ट सांगायची. आणि गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला एक वाद्य द्यायचे. ‘पीटर अँड द वुल्फ’ या नावाने जगभर पोहोचलेल्या या रचनेला २०२६ मध्ये ९० वर्षे होतात. तिचे कर्ते सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी सात सिम्फनी, अनेक ऑपेरा, बॅले आणि चित्रपटांचे संगीत लिहिले. तरी घराघरांत पोहोचली ती थोड्या दिवसांत लिहिलेली ही सुमारे २५ मिनिटांची गोष्ट. ती लिहिली गेली तो काळ मात्र मुलांच्या गोष्टीसारखा नव्हता.

प्रोकोफिएव्ह कोण होते?

सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचा जन्म एप्रिल १८९१ मध्ये सोंत्सोव्हका या खेड्यात झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे खेडे आज युक्रेनच्या दोनेत्स्क प्रांतात येते. वडील शेतीतज्ज्ञ होते आणि एका मोठ्या जमीनदारीचा कारभार पाहत. आई मारिया उत्तम पियानो वाजवत. सर्गेईच्या आधीच्या दोन मुली लहानपणीच गेल्यामुळे या एकुलत्या एका मुलावर आईवडिलांचे सारे लक्ष होते. आई संध्याकाळी बेथोव्हन, शोपँ वाजवायची आणि मुलगा ऐकत झोपी जायचा. पुढे तो आईच्या शेजारी बसून पियानोच्या टोकाच्या पट्ट्यांवर स्वतःचे काही तरी वाजवू लागला.

पाचव्या वर्षी त्याने पहिली रचना केली. तिचे नाव ‘इंडियन गॅलप’. गॅलप हा घोडदौडीच्या चालीचा एक नाच. त्याला हिंदुस्थानचे नाव कसे मिळाले? त्या सुमारास वर्तमानपत्रांत हिंदुस्थानातील दुष्काळाच्या बातम्या येत होत्या, घरातली मोठी माणसे त्यावर बोलत होती आणि मुलाच्या कानावर ते पडत होते. १८९६-९७ च्या त्या दुष्काळात दख्खनचे जे जिल्हे होरपळले त्यांत नगर जिल्हाही होता. दूरच्या खेड्यातील पाच वर्षांच्या मुलाला त्यातले काय कळले असेल ते असो, पण ते नाव त्याने आपल्या तुकड्याला दिले. या रचनेत आणखी एक गंमत आहे. नेहमीच्या नियमाने जिथे पियानोची काळी पट्टी यायला हवी, तिथेही मुलाने पांढरीच दाबली आहे. कारण काळ्या पट्टीला हात लावायची त्याला भीती वाटायची. सूर आईने कागदावर उतरवून घेतले.

मॉस्कोला जाऊन ऑपेरा पाहिल्यावर नऊ वर्षांच्या सर्गेईने घरी येऊन स्वतःचाच ‘द जायंट’ नावाचा ऑपेरा लिहिला आणि नातेवाइकांना पात्रे वाटून तो घरच्या घरी बसवलाही. मुलाची ही ओढ पाहून आईवडिलांनी राइनहोल्ड ग्लिएर या तरुण संगीतकाराला १९०२ आणि १९०३ च्या उन्हाळ्यात शिकवण्यासाठी गावी बोलावले. १९०४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, सर्गेईला सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला. बरोबरचे विद्यार्थी वयाने बरेच मोठे होते. त्यांच्या चुकांची हा मुलगा वहीत मोजदाद ठेवायचा, त्यामुळे तो फारसा कुणाचा लाडका नव्हता. बुद्धिबळाचा नाद मात्र त्याला आयुष्यभर पुरला. पुढे जगज्जेता झालेल्या कॅपाब्लांकाला त्याने १९१४ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात हरवले होते. त्या वेळी कॅपाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत होता, हे खरे.

देश का सोडला आणि परत का आले?

तरुण प्रोकोफिएव्ह यांचे संगीत कानाला टोचणारे, धारदार होते. १९१४ मध्ये महाविद्यालयाच्या पियानो स्पर्धेत त्यांनी इतरांसारखी नामवंतांची रचना न निवडता स्वतःचाच कॉन्चेर्टो वाजवला आणि पहिला क्रमांक मिळवला. त्याच वर्षी त्यांनी हान्स अँडरसनच्या कुरूप बदकाच्या पिल्लाची कथा गायिका आणि पियानो यांच्यासाठी संगीतबद्ध केली. गोष्ट आणि वाद्य यांची सांगड घालण्याचा हा त्यांचा सुरुवातीचा प्रयत्न.

१९१७ ची क्रांती झाली. यादवी युद्धाच्या त्या दिवसांत नव्या संगीताला देशात वाव दिसेना, म्हणून १९१८ च्या मे महिन्यात ते व्लादिवोस्तोक आणि जपानमार्गे अमेरिकेला निघाले. नवे सरकारही त्यांच्या जाण्याच्या आड आले नाही. अमेरिकेत पियानोवादक म्हणून नाव झाले, संगीतकार म्हणून जम बसायला वेळ लागला. ‘द लव्ह फॉर थ्री ऑरेंजेस’ हा त्यांचा ऑपेरा १९२१ मध्ये शिकागोत झाला. १९२३ मध्ये त्यांनी लीना कोदिना या स्पेनमध्ये जन्मलेल्या गायिकेशी लग्न केले. नंतर पॅरिसमध्ये बिऱ्हाड झाले. स्व्यातोस्लाव आणि ओलेग हे दोन मुलगे झाले.

१९२७ मध्ये ते कार्यक्रमांसाठी रशियात गेले तेव्हा श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्की, अमेरिकेत राखमानिनोव्ह यांच्याशी सतत तुलना होई. मायदेशात मात्र पहिला मान मिळेल, नवी कामे मिळतील, असे त्यांना वाटू लागले. भाषेची आणि माणसांची ओढ होतीच. काही वर्षे ये-जा करून अखेर १९३६ मध्ये ते पत्नी-मुलांसह मॉस्कोत कायमचे राहायला आले.

परतण्याची वेळ मात्र वाईट होती. त्याच वर्षी २८ जानेवारीला ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्राने शोस्ताकोविच यांच्या ऑपेरावर जहरी टीका केली होती. संगीत सोपे हवे, लोकांना कळणारे हवे, नाही तर परिणाम वाईट होतील, असा इशारा त्यात होता. कोणता सूर चालेल आणि कोणता नाही, हे सरकार ठरवू लागले होते.

ही कल्पना कोणाची?

या कथेतले दुसरे महत्त्वाचे नाव नतालिया सॅट्स यांचे. क्रांतीनंतर, जेमतेम पंधराव्या वर्षी, त्या मॉस्कोत मुलांच्या नाटकांचे काम पाहू लागल्या. मुलांसाठी कायमचे, व्यावसायिक नटांचे रंगमंदिर हवे, हा त्यांचा ध्यास होता. १९३५ मध्ये प्रोकोफिएव्ह आपल्या मुलांना घेऊन सॅट्स यांच्या नाट्यगृहात नाटक पाहायला गेले आणि पुन्हा पुन्हा जात राहिले. त्याच वर्षी त्यांनी लहान मुलांना वाजवता येतील असे पियानोचे १२ सोपे तुकडे लिहिले होते. मुलांसाठी लिहायला हा माणूस तयार होईल, हे सॅट्स यांनी हेरले.

१९३६ च्या सुरुवातीला त्यांच्या सेंट्रल चिल्ड्रन्स थिएटरला मोठी वास्तू मिळाली आणि नव्या कार्यक्रमांची गरज पडली. ऑर्केस्ट्रातील वाद्यांशी मुलांची ओळख होईल अशी एक सांगीतिक गोष्ट त्यांनी प्रोकोफिएव्ह यांच्याकडे मागितली. पात्रांत प्राणी हवेत आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा, हेही दोघांच्या चर्चेत ठरले. गोष्ट लिहायचे काम आधी एका कवयित्रीकडे दिले गेले. तिने यमके जुळवून पद्य आणले. प्रोकोफिएव्ह यांना ते अजिबात रुचले नाही. शब्दांचा गोंगाट झाला की संगीत ऐकू येत नाही, असे त्यांचे मत पडले. त्यांनी स्वतःच साध्या, तुटक वाक्यांची गोष्ट लिहिली. संगीताचा पियानोवरचा आराखडा आठवडाभरात झाला आणि २४ एप्रिलला ऑर्केस्ट्रासाठीची पूर्ण संहिता तयार झाली.

गोष्ट काय आहे? कोणते पात्र कोणते वाद्य?

पीटर हा मुलगा आजोबांकडे राहतो. एके सकाळी तो फाटक उघडून बाहेरच्या कुरणात जातो. झाडावर त्याचा मित्र, एक पक्षी बसलेला आहे. उघड्या फाटकातून बदकही बाहेर पडते आणि तळ्यात शिरते. उडता येत नाही तो कसला पक्षी, पोहता येत नाही तो कसला पक्षी, असे दोघांचे भांडण जुंपते. तेवढ्यात मांजर दबकत येते. पीटर ओरडतो आणि पक्षी उडून झाडावर बसतो. आजोबा येऊन रागावतात. रानातून लांडगा आला तर काय करशील, असे विचारून ते पीटरला घरात नेतात आणि फाटकाला कुलूप लावतात. आणि लांडगा खरोखरच येतो. मांजर झाडावर चढते. बदक घाबरून पाण्याबाहेर येते आणि लांडगा त्याला गट्ट करतो. पीटर दोर घेऊन भिंतीवरून झाडावर चढतो. पक्षी लांडग्याच्या नाकासमोर घिरट्या घालून त्याला चक्रावून टाकतो आणि पीटर वरून फास सोडून त्याची शेपटी पकडतो. शिकारी बंदुका झाडत येतात. पीटर त्यांना थांबवतो आणि लांडग्याला मारू न देता प्राणिसंग्रहालयात न्यायला सांगतो. शेवटी सगळ्यांची मिरवणूक निघते. आजोबा तेव्हाही कुरकुरत असतात.

बिबट्याच्या धाकाने सांजवेळी नातवंडांना दाराबाहेर न सोडणारे आजोबा अकोले तालुक्याला नवे नाहीत. पकडलेल्या बिबट्याचा पिंजरा वन विभागाची गाडी घेऊन जाते तेव्हा जमणारी गर्दीही नवी नाही. त्यामुळे गोष्ट परदेशी असली तरी परकी वाटत नाही. तिच्यातली वाद्येही वाटतात तितकी परकी नाहीत.

पक्षी म्हणजे बासरी. ऑर्केस्ट्रातली बासरी धातूची असते आणि आडवी धरून वाजवतात. तिचे उंच, झपाझप धावणारे सूर पंखांच्या फडफडीसारखे वाटतात.

बदक म्हणजे ओबो. ओबो हे आपल्या सनईच्या नात्यातले वाद्य. दोन्हींत वेताच्या दोन पातळ पात्यांची पत्ती ओठांत धरून फुंकतात. म्हणूनच त्याचा आवाज थोडा नाकातला, थोडा करुण येतो. बदकाची डुलती चाल त्यात बरोबर उतरते.

मांजर म्हणजे क्लॅरिनेट. वरातीच्या बँड पथकात हे वाद्य अनेकांनी पाहिले आहे. त्यात एकच पत्ती असते. प्रोकोफिएव्ह यांनी त्याचे खालच्या पट्टीतले सूर तोडून तोडून वापरले; मांजराची मऊ, सावध पावले ऐकू येतात.

आजोबा म्हणजे बसून. हेही दोन पत्त्यांचेच वाद्य, पण त्याची नळी सुमारे अडीच मीटर लांब असते आणि दुमडलेली असते. नळी जितकी लांब तितका सूर खर्जात जातो. आजोबांचा घोगरा, रागावलेला आवाज इथून येतो.

लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. तुतारीप्रमाणे यातही पत्ती नसते, वादकाच्या ओठांच्या कंपनाने आवाज निघतो. वेटोळे सरळ केले तर नळी साडेतीन मीटरहून लांब भरेल. एकाऐवजी तीन हॉर्न एकत्र वाजल्याने धास्ती वाटते.

पीटर म्हणजे तंतुवाद्ये : व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. गोष्टीत एकट्या माणसाच्या मुलालाच वाद्यांचे अख्खे कुटुंब मिळाले आहे. बंदुकीचे बार टिंपनी आणि मोठा ढोल काढतात. टिंपनीचे मूळ पश्चिम आशियातील नगाऱ्यांत आहे. आपल्या देवळांतल्या नगाऱ्याचेही तेच घराणे.

ही युक्ती नेमकी का चालते?

पात्राला ठरावीक सूर देण्याची पद्धत ऑपेरात आधीपासून होती. वाग्नरने तिचा मोठा वापर केला. प्राण्यांचे आवाज वाद्यांतून काढण्याचेही नवल नव्हते. फ्रान्सच्या सँ-साँस यांनी १८८६ मध्येच प्राण्यांच्या जत्रेवर रचना केली होती. प्रोकोफिएव्ह यांनी या गोष्टी शिकवण्याच्या कामाला लावल्या आणि त्यांचा क्रम नीट लावला.

पहिली पायरी ओळखीची. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मुलांना प्रत्येक वाद्य दाखवावे आणि त्या पात्राचे सूर वाजवून दाखवावेत, अशी सूचना त्यांनी संहितेतच लिहून ठेवली. दुसरी पायरी आळीपाळीची. निवेदक दोन-तीन वाक्ये बोलतो आणि थांबतो, मग संगीत तीच घटना सांगते. निवेदक आणि वाद्ये शक्यतो एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. तिसरी पायरी बदलाची. लांडगा येताच मांजर झाडावर चढते तेव्हा क्लॅरिनेट जिवाच्या आकांताने वर धावते. पक्षी आणि बदक भांडतात तेव्हा बासरी आणि ओबो एकमेकांत गुंततात, तरी मुलाला दोन्ही वेगळे ऐकू येतात. शेवटच्या मिरवणुकीत सगळे सूर एकामागून एक परत येतात आणि पीटरची साधी चाल रुबाबदार कूच बनते. पंचवीस मिनिटांपूर्वी ज्याला एकही वाद्य ठाऊक नव्हते, त्या मुलाला आता सगळे ओळखता येतात. परीक्षा झाली, हे त्याला कळतही नाही.

सर्वात नाजूक जागा अगदी शेवटी आहे. लांडग्याने घाईत बदक जिवंतच गिळले होते, असे निवेदक सांगतो. नीट कान दिला तर त्याच्या पोटातून बदकाचा आवाज येतो. आणि ओबो हळूच वाजतो. बदक दिसत नाही, निवेदकही गप्प. ते आहे हे फक्त वाद्यामुळे कळते. संगीत ऐकणे म्हणजे काय, हे मुलाला तेव्हा समजते.

दहा वर्षांनी इंग्लंडचे बेंजामिन ब्रिटन यांनी त्याच हेतूने ‘द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’ लिहिले. त्यात गोष्ट नाही. एकच जुनी चाल प्रत्येक वाद्यसमूह आपापल्या परीने वाजवतो. मोठ्या मुलांना ते फार आवडते. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र आजही पहिली पसंती लांडग्याला मिळते, कारण पुढे काय झाले ही उत्सुकता कानाला जागेवर धरून ठेवते.

पहिला प्रयोग कसा झाला?

२ मे १९३६ रोजी मॉस्कोत पहिला प्रयोग झाला. सॅट्स आजारी होत्या, त्यामुळे निवेदन ऐनवेळी दुसऱ्याकडे गेले. प्रेक्षक थोडे होते आणि फारशी दखलही घेतली गेली नाही, याची खंत प्रोकोफिएव्ह यांना वाटली. पुढे सॅट्स स्वतः निवेदन करू लागल्या आणि मुलांनी रचना उचलून धरली.

त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात, ऑगस्ट १९३७ मध्ये, सॅट्स यांना अटक झाली. त्यांचे पती सरकारात व्यापारमंत्री होते. स्टॅलिनच्या शुद्धीकरण मोहिमेत त्यांनाही पकडण्यात आले आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. देशद्रोह्याची बायको एवढाच सॅट्स यांचा गुन्हा. त्यांना पाच वर्षे श्रमछावण्यांत काढावी लागली. तिथेही त्यांनी कैद्यांची नाटके बसवली. सुटका झाल्यावर मॉस्कोत राहता येत नव्हते, म्हणून त्यांनी कझाकस्तानातील अल्माटी येथे मुलांचे रंगमंदिर उभारले. १९६५ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी मॉस्कोत मुलांसाठी खास संगीत रंगमंदिर स्थापन केले. ते आजही चालू आहे.

रचना जगभर कशी पोहोचली?

मार्च १९३८ मध्ये प्रोकोफिएव्ह यांनी अमेरिकेतील बोस्टन येथे ही रचना सादर केली. त्याच दौऱ्यात हॉलीवूडमध्ये त्यांनी वॉल्ट डिस्ने यांना ती पियानोवर वाजवून दाखवली. डिस्ने यांनी तिचा चित्रपट १९४६ मध्ये काढला. या दौऱ्यात पत्नी सोबत होती, पण दोन्ही मुलगे मॉस्कोतच ठेवावे लागले होते. मुले मागे राहिली की आईवडील परत येतात, हे सरकारला ठाऊक होते. हॉलीवूडमध्ये मोठ्या पगाराच्या कामाची संधी पुढे आली, तरी प्रोकोफिएव्ह परतले. त्यानंतर त्यांना परदेशी जाण्याची परवानगी पुन्हा कधीच मिळाली नाही.

मायदेशात कामाला तोटा नव्हता. आयझेनस्टाइन यांच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ चित्रपटाचे संगीत, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बॅले, पाचवी सिम्फनी अशी मोठी कामे त्यांनी या वर्षांत केली. पण भोवतालची माणसे एकेक करून नाहीशी होत होती. त्यांचा नवा ऑपेरा बसवणारे दिग्दर्शक मेयरहोल्ड यांना १९३९ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी ठार मारण्यात आले.

१९४८ मध्ये काय घडले?

प्रोकोफिएव्ह यांचा पहिला संसार १९४१ मध्येच मोडला होता. ते मीरा मेंडेलसन या तरुण लेखिकेबरोबर राहू लागले. लीना मुलांना घेऊन मॉस्कोत राहिल्या. परदेशात झालेले लग्न सोव्हिएत कायद्याने ग्राह्य नाही, असे ठरल्याने जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी घटस्फोटाविना मीरा यांच्याशी विवाह केला. फेब्रुवारीच्या १० तारखेला पक्षाने ठराव करून प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच, खाचातुरियन आदींचे संगीत लोकविरोधी ठरवले. त्यांच्या कित्येक रचनांवर बंदी आली, उरलेल्या वाजवायला कुणी धजेना. उत्पन्न आटले. आणि २० फेब्रुवारीला लीना यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. शिक्षा वीस वर्षांची. वडिलांना ही बातमी सांगायला दोन्ही मुलगे थंडीतून त्यांच्या घरी पोहोचले.

हा माणूस तेव्हा शरीरानेही खचला होता. १९४५ मध्ये पडून डोक्याला मार लागल्यापासून रक्तदाबाचा विकार वाढला होता आणि डॉक्टरांनी कामाचे तास मोजून दिले होते. या पडत्या काळात त्यांना पुन्हा आधार मिळाला तो मुलांसाठीच्या संगीताचा. १९५० मध्ये मुलांच्या सहलीवरची ‘विंटर बॉनफायर’ ही निवेदनासह रचना आली. शेवटची, सातवी सिम्फनी मुलांच्या रेडिओसाठी म्हणून सुरू झाली आणि १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर झाली. ते लोकांसमोर आले ती हीच अखेरची वेळ.

अखेर कशी झाली?

५ मार्च १९५३ च्या संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन प्रोकोफिएव्ह यांचे निधन झाले. वय ६१. त्यानंतर तासाभरातच स्टॅलिनचाही मृत्यू झाला. प्रोकोफिएव्ह यांचे घर क्रेमलिनपासून जवळच होते. स्टॅलिनच्या अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीमुळे रस्ते बंद झाले. शववाहिका घरापर्यंत येऊ शकली नाही. शवपेटी खांद्यावरून गल्लीबोळांतून न्यावी लागली. शहरातली फुले स्टॅलिनसाठी गेली होती, म्हणून शेजाऱ्यांच्या घरातली कुंडीतली झाडे आणून ठेवली गेली. अंत्ययात्रेला तीसेक माणसे होती. वर्तमानपत्रांत त्यांच्या मृत्यूची बातमी यायलाही काही दिवस लागले.

लीना १९५६ मध्ये सुटल्या आणि १९७४ मध्ये देशाबाहेर पडू शकल्या. १९८० च्या दशकात, ऐंशी पार केल्यानंतर, त्यांनी एका ध्वनिमुद्रणासाठी निवेदिकेची भूमिका केली. रचना होती ‘पीटर अँड द वुल्फ’. आठ वर्षे छावणीत काढलेल्या या बाईंच्या आवाजात आजोबा, लांडगा आणि पोटातून ओरडणारे बदक आजही ऐकता येते.

भारताशी काय नाते?

मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांचा मुंबईत जन्म झाला २९ एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे मॉस्कोतील पहिल्या प्रयोगाच्या तीनच दिवस आधी. पुढे त्यांनी इस्रायल फिलहार्मोनिकसह ही रचना ध्वनिमुद्रित केली. निवेदन व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांचे. जगभरात निवेदकांची यादी मोठी आहे : एलिनॉर रूझवेल्ट, डेव्हिड बोवी, सोफिया लॉरेन. २००६ च्या बाहुलीपटाला ऑस्करही मिळाले. मुंबईत २००६ पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया काम करतो.

राजूरच्या शाळेत याचा काय उपयोग?

ऑर्केस्ट्रा ऐकायला मुंबईलाच जावे लागते असे आता नाही. मोबाइलवर अनेक ध्वनिमुद्रणे मिळतात. एकदम पूर्ण रचना लावू नये. आधी एकेका पात्राचे सूर ऐकवावेत, त्या वाद्याचे चित्र दाखवावे, मग मुलांना डोळे मिटून ओळखायला सांगावे. ओबो ऐकवताना सनई, क्लॅरिनेट ऐकवताना बँड पथक आणि हॉर्न ऐकवताना तुतारी आठवून दिली की नवे नाव लक्षात राहते. गोष्ट मराठीत सांगायची आणि योग्य जागी थांबायचे, एवढीच तयारी शिक्षकाला लागते.

याच्या पुढची पायरी आपल्या वाद्यांची. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याची सोंगे येतात ती संबळाच्या तालावर. सोंग आणि आवाज यांची जोडी इथल्या मुलांनी आधीच पाहिलेली आहे. लांडग्याच्या जागी बिबट्या घ्यावा आणि त्याला तुतारी द्यावी. पाखराला बासरी, बदकाला पिपाणी, दबकत्या मांजराला तुणतुणे, आजोबांना पेटीचा खर्ज, गोळीबाराला ढोल. कोणते पात्र कोणत्या वाद्याचे, हे ठरवण्याचे काम मुलांवर सोपवले की ती प्रत्येक वाद्याचा आवाज कान देऊन ऐकू लागतात. काळ्या पट्टीला घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या सर्गेईलाही आईने आधी मनासारखे वाजवू दिले होते. सूर कागदावर उतरवण्याचे काम नंतरचे.